दोन एन

फेरीच्या पोटात, पाण्याच्या रेषेखाली, माझं ऑफिस.
वर ओलेसुंदचे लोक कॉफी पीत डोंगर बघतात;
खाली मी दोन इंजिनांच्या मधे उभी राहून
डाव्या पंपाचं बेअरिंग ऐकते.
अजून महिनाभर टिकेल.
हे कुठे लिहिलेलं नाही,
म्हणून मला वाचता येतं.

लिहिलेलं मात्र हलतं.
बी आणि डी: एक काठी, एक पोट.
पोट पुढे की पाठीमागे, हे ठरेपर्यंत
वर्ग पान उलटून गेलेला असायचा.
बाई म्हणाल्या, आळशी आहे.
बाबांना पटलं. मलाही पटलं, बरीच वर्षं.
अक्षरशत्रू म्हणतात माझ्यासारखीला.
पण वैर माझ्याकडून नव्हतं.

पान आणि पाना, एका कान्याचा फरक.
पान फिरलं की मी हरवते,
पाना फिरला की सापडते.
तो उजवीकडून धरा, डावीकडून धरा,
पानाच राहतो.

चीफ इंजिनिअरच्या लेखी परीक्षेत दोनदा नापास.
तिसऱ्या वेळी क्वाल्हाइम नावाचे परीक्षक म्हणाले,
बोलून सांगितलंस तरी चालेल.
मी खडू मागितला.
टाकीपासून नोझलपर्यंत इंधनाची अख्खी वाट
फळ्यावर काढली, व्हॉल्व्ह अन् व्हॉल्व्ह,
अंधारात चालत जाता येईल अशी.
ते बराच वेळ गप्प.
मग एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले,
हा आमच्या नकाशात नाही.
मी म्हटलं, जहाजात आहे.

तेव्हापासून सगळं सुरळीत झालं, असं नाही.
६९० बोल्ट मागवायचे होते, मी ९६० लिहिले.
खोकी अजून कोठारात आहेत.
त्यांना सगळे 'सुन्निव्हाचं सोनं' म्हणतात,
आणि कप्तान दर नाताळात
मूठ मूठ वाटायची धमकी देतो.
मेल मला फोनमधली बाई वाचून दाखवते, दुप्पट वेगात.
बँकेचे कागद असोत की कंपनीचे,
तिचा आवाज कधी चढत नाही.

इंग्विल्ड लहान होती तेव्हा
रात्री चित्रं बघून गोष्ट रचायचे.
अस्वल बोटीवर चढायचं, डिझेल प्यायचं,
वादळात बोट बंदराला लावायचं.
सहाव्या वर्षी तिने ओळीवर बोट ठेवलं.
आई, इथे असं नाही लिहिलेलं.
मग कसं लिहिलंय?
तिने वाचलं. अस्वल नुसतंच झोपत होतं.
ती थोडा वेळ पुस्तकाकडे बघत राहिली.
तुझं बरं होतं, म्हणाली,
आणि पुस्तक माझ्याकडे परत दिलं.

मार्चमध्ये नवा मुलगा आला, टोर्युस, एकोणीस वर्षांचा.
म्हटलं, आजची नोंद तू कर.
म्हणाला, चष्मा घरी राहिला.

तीन आठवडे मी बघत होते,
केसाएवढं नोझलचं भोक हा नुसत्या डोळ्यांनी तपासतो.

ते वाक्य मला पाठ आहे.
त्याची भावंडंही: हाताला ग्रीस लागलंय,
तूच लिही, तुझं अक्षर छान,
घाई आहे, नंतर बघते.
अकरा वर्षं मी त्यांच्यावरच संसार चालवला.

काही बोलले नाही.
खणातून पिवळा पारदर्शक कागद काढला
(कोपरा जळका, एक्झॉस्टला चिकटला होता एकदा),
नोंदवहीवर ठेवला.
याच्याखाली ओळी जरा कमी पळतात, म्हटलं.
आकडे मोठ्याने म्हणत लिही, मी ऐकते.

त्याने आधी जिन्याकडे पाहिलं.
मग माझ्याकडे.
मग कागदाकडे, फार वेळ.

तापमान बरोबर. दाब बरोबर.
'पंप' मात्र शेपटीकडून सुरू झाला होता.
मी खोडलं नाही.
पंप चालू होता.

खाली सही केली.
माझ्या नावात दोन एन आहेत,
अजून मोजते.