चौथा रकाना

खात्याचा फॉर्म जूनमध्येच येऊन पडतो,
सप्टेंबरच्या आत भरून धाडायचा.
चार रकाने: विषय, तास, प्रगती, पुरावा.
मी तो पावाच्या डब्याखाली सरकवते
आणि पोरांना म्हणते, चला, बूट काढा.

एरवी आमची शाळा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी,
एका बाजूला कणीक, दुसऱ्या बाजूला अपूर्णांक.
उन्हाळ्यात ते टेबल पुरत नाही.
इथे, फंडीच्या उपसागराच्या टोकाशी,
पाणी दिवसातून दोनदा तीन-चार मजले चढतं
आणि उतरताना मैलभर चिखल उघडा टाकून जातं,
तांबूस, चकचकीत, घोट्यापर्यंत ओढणारा.

ओदील बारा वर्षांची. तिला सगळं मोजायचं असतं.
जुलै सरता सरता तुतवार उतरले,
किनारा दिसेनासा झाला.
आल्फेकाका, शिंपल्या खणून कमरेत वाकलेला,
म्हणाला, माझा बाप म्हणायचा, पुष्कळ.
ओदीलला पुष्कळ हा आकडा मान्य नव्हता.
तिनं एक डोळा मिटला, हात लांब केला,
अंगठ्याच्या नखाआड मावले तेवढे मोजले: चाळीस.
मग नखानं नख किनारा मोजत गेली.
सातशे नखं. अठ्ठावीस हजार!
तेवढ्यात ससाणा आला, अख्खा थवा उलटला,
करड्याचा पांढरा झाला,
आणि गणित पुन्हा पहिल्यापासून.

घरी येऊन तिनं तराजूत साखर घातली,
एका पाखराच्या वजनाची: चार चमचे.
ओंजळीत धरून बसली.
एवढ्याशा जिवानं, न थांबता, दक्षिण अमेरिका?
ती साखर परत डब्यात टाकू देईना.
हा भूगोल धरायचा, की नुसती सांडासांड?

बाझील नऊ पुरा. अजून वाचत नाही.
अक्षरं त्याच्या हातून मासळीसारखी सुळकन निसटतात.
नणंद पोटतिडकीनं सांगते, आता तरी शाळेत घाल.
रात्री मीही स्वतःला तेच सांगते.

त्यानं चिखलात एक काठी रोवली.
आजोबांचं घड्याळ मनगटात, कोपरापर्यंत सरकणारं.
पाणी काठीला शिवलं की चाकूनं दांडीवर खूण.
पहिल्या दिवशी नऊ वीस. मग दहा दहा. मग अकरा.
चौथ्या दिवशी जेवायलाच उठेना.
आई, समुद्राला रोज उशीर होतो.
मला उत्तर ठाऊक होतं,
चंद्र अगदी जिभेच्या टोकावर होता.
मी तो गिळला.

आठवडाभर पोरगा गप्प. रात्री खिडकीशी.
मग एकदा उशीवरून, अंधाराकडे बघत:
चंद्रालापण उशीर होतो, रोज तेवढाच.
ते दोघं ठरवून येतात का?
मी दिवा मालवला,
नाहीतर त्याला माझा चेहरा दिसला असता.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला खाली गेले
तर चिखलात, टाचेनं ओढलेला,
हातभर उंच अक्षरांचा एक शब्द: उशीर.
शेवटचं अक्षर आरशातलं, पाठमोरं.
हे कुणासाठी रे?
पाण्यासाठी. त्याला कळायला नको?

पाणी आलं.
पहिल्या अक्षराच्या पोटात शिरलं,
थोडं थांबलं (थांबलं, असं मला वाटलं),
मग बाकीचं सगळं एका घोटात.

आज फॉर्म बाहेर काढलाय,
कोपऱ्यावर लोण्याचा डाग, घडीत पावाचा चुरा.
तीन रकाने कसेबसे भरले.
चौथ्यापाशी पेन अडलंय.
बाझील, म्हटलं, तो शब्द पुन्हा एकदा लिही ना,
मी फोटो काढते.
त्यानं घड्याळ कानाला लावलं, खिडकीतून पाहिलं.
आत्ता भरती आहे, म्हणाला.
उद्या लिहीन. आजच्यापेक्षा
पन्नास मिनिटं उशिरा ये.