आत हवा हाय का

हरिपुरात पेव उघडलं की माणूस आधी उतरत नसे.
आधी उतरे कंदील.
वीस-बावीस हात दोरीवरून तो खाली जाई
आणि काठावर ओणवा माझा आजा, मायाप्पा,
ज्योतीकडे बघत राही, सोनार काट्याकडे बघतो तसा.
विझली, तर लांब जाऊन विडी ओढायची.
जळत राहिली, तर कमरेला दोरी.

वर आला की पापण्यासुद्धा पिवळ्या.
आजी म्हणे, लोकांना हळद एकदाच लागते,
माझा नवरा रोज लावून येतो.

दोन हजार पाचचं पाणी पेवांच्या तोंडातून आत शिरलं.
ओसरल्यावर जे वर काढलं
त्याला हळद म्हणवेना.
व्यापाऱ्यांनी माल हलवला कुपवाडकडे,
पत्र्याच्या थंड गोदामांत.
जमिनीखालचं काम जमिनीवर आलं.
खालच्या माणसांना कुणी वर बोलावलं नाही.

बाप तेव्हा आधीच फौंड्रीत होता.
साच्याची काळी वाळू, दुसऱ्या पाळीचा भोंगा,
फंडाची चिठ्ठी.
पेवात उतरणार नाही, असं तो सतराव्या वर्षी म्हणाला
तेव्हा आजा दोन दिवस जेवला नव्हता;
तिसऱ्या दिवशी त्यानंच डबा बांधून दिला.
फौंड्रीत मशीन आलं तेव्हा बाप त्रेचाळीसचा.
आता विश्रामबागेत शाळेची व्हॅन चालवतो,
पोरं त्याला काका म्हणतात, त्याला ते आवडतं.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात एक गोल होता, तीन रंगांचा.
शेतीचा तुकडा पिवळा.
शेजारी दहा वर्षांनंतरचा गोल, त्यात पिवळा बारीक,
त्याच्या शेजारी आणखी बारीक.
मी पट्टी लावून छान काढले, पाचापैकी पाच.
त्या रेघेवरून आमच्याच घरातलं कुणी
डबा घेऊन पलीकडे गेलं होतं,
हे पेपरात विचारलं नव्हतं.

मी कोल्ड स्टोरेजमध्ये. खुर्ची, दोन स्क्रीन, एक पंखा.
चार नंबरच्या खोलीत अकरा हजार पोती,
एकालाही माझा हात लागत नाही.

गेल्या मार्गशीर्षात आजा बघायला आला.
गेटवर मुलाणीचाचा,
सूतगिरणी बंद पडेपर्यंत तिथले जॉबर.
रजिस्टर उघडलं. नाव, गाव, काम.
"काम काय लिवू?"
"पेवकरी."
"तसं न्हवं. आज काय काम हाय?"
"आज काय बी न्हाई."
चाचांनी लिहिलं : व्हिजिटर.

चार नंबरच्या दारापाशी तो थांबला.
"आत हवा हाय का?"
मी स्क्रीनवरचा आकडा दाखवला.
बराच वेळ बघत राहिला,
आकडा हलेल म्हणून.
"ह्यो इझतो का?"
"लाइट गेली तर."
"आन हवा गेली तर?"
मला ठाऊक नव्हतं. मॅन्युअलमध्ये असेल.

मग पगार विचारला. महिन्याचा सांगितला.
"म्हंजी रोजचं किती पडलं?"
बोटांच्या पेरांवर मोजलं, दोनदा चुकला,
बरं हाय म्हणाला.
निघताना माझा हात उचलून नाकाशी नेला,
जरा वेळ धरून ठेवला,
आणि माझ्याच मांडीवर परत ठेवला, 
दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

कधी गेला कळलं नाही.
चाचांची पाळी सुटली होती, नवा पोरगा मोबाईलमध्ये.
रजिस्टरात जाण्याची वेळ कोरी आहे.
ऑडिटवाला बोट ठेवेल तेव्हा काहीतरी भरू.
तोवर नोंदीप्रमाणे
मायाप्पा आतच आहे.