कोण बोललं?

लष्करातल्या आमच्या प्रसूतिगृहात
तळमजल्यावर, रक्तपेढीच्या पाठीला पाठ लावून
माझी खोली. एक संगणक, एक फोन,
पायाशी विटेवर ठेवलेली शेगडी
(ग्वाल्हेरची जानेवारी हाडांत शिरते)
आणि भिंतभर आलेख:
मधली रेघ हिरवी, वरची-खालची तांबडी.
महिन्याला एक ठिपका. तो मी ठेवते.

ज्यांचं बाळंतपण अवघड गेलं,
झटके आले, वार अडकली, रक्त थांबता थांबेना,
त्यांना तिसऱ्या, सातव्या, बेचाळिसाव्या दिवशी फोन.
ताप? अंगावरून जातंय? डोकं दुखतं?
तक्रारींची बेरीज, भागिले एकूण, गुणिले शंभर.

अकरा महिने ठिपके हिरव्या रेघेला बिलगून,
शाळेच्या फोटोतल्या शहाण्या पोरांसारखे.
बंसल सर म्हणायचे, फाळके मॅडम, सगळं नियंत्रणात.
भोपाळहून प्रशस्तिपत्र आलं.
चौकट मीच करून आणली दौलतगंजातून,
साडेतीनशेला.

बैजंती कुशवाह. घाटीगावच्याही पुढचं खेडं.
दोन बाटल्या चढवूनही
घरी गेली तेव्हा हिमोग्लोबिन सात.
सातव्या दिवशी नवऱ्याने फोन उचलला.
"हां बहनजी, एकदम ठीक है."
'बरी'वर टिचकी मारता मारता मी विचारलं,
हा खडखडाट कसला?
"लूम का. मैं तो सूरत में हूँ."
फोन घरात एकच. तो त्याच्यासोबत सुरतेत.

त्या संध्याकाळी जुने कागद उपसले.
सासऱ्याने बरी म्हटलेल्या, थोरल्या दिराने बरी म्हटलेल्या,
एकीला तर रिचार्जवाल्याने बरी करून टाकलं होतं.
आणि ज्यांनी उचललाच नाही
त्या भागाकारात नव्हत्याच.
शून्य किती गोलसर काढत आले होते मी.

मग एक रकाना वाढवला: कोण बोललं?
बाई स्वतः बोलली तरच धरायचं.
गावोगावच्या आशा कार्यकर्त्या
आपापले फोन घेऊन उंबऱ्यापर्यंत गेल्या.

फेब्रुवारीचा ठिपका
वरची तांबडी रेघ ओलांडून
थेट घड्याळाखाली जाऊन बसला.

बंसल सर बराच वेळ उभे होते.
"सेवा बिघडली?"
"नाही सर, कान सुधारला."
त्यांनी चष्मा पुसला, चौकटीकडे पाहिलं.
"सध्या पेन्सिलने ठेवा."
मी शाईने ठेवला होता.

बेचाळिसाव्या दिवशी बैजंती बोलली.
आवाज इतका बारीक
की मी शेगडी दूर सरकवली,
जणू निखारेच मधे बोलत होते.
ताप? नाही. अंगावरून? थांबलं.
डोकं? नाही.
माझे प्रश्न संपले. ती फोन ठेवेना.
मग म्हणाली,
पहाटे चूल पेटवायला वाकले
की समोरची भिंत काळी होते.
बसून घेते. थोड्या वेळाने भिंत परत येते.
हे तुमच्यात लिहितात का?

यादीत नव्हतं.
समासात लिहिलं, कागद आडवा धरून.
भिंतीपलीकडे रक्तपेढीचं शीतकपाट गुरगुरत होतं.
तिला म्हटलं, ठेवू नकोस,
आणि दुसऱ्या हाताने
आतला नंबर फिरवला.