दार किती उघडायचं

अवधानच्या शेडचा पत्रा दुपारी बारालाच तापतो.
मे महिना, धुळे. टेबलफॅन गरम हवा
इकडची तिकडे करतो,
आणि स्कोपच्या पडद्यावर माझी रेघ
थरथरते.

सरळ हवी होती.
चारशे मिलिअँपिअर, अर्ध्या ओहमचा रोध,
त्याच्या दोन टोकांत दोनशे मिलिव्होल्ट, बस्स.
तेवढं एक सांभाळायचं,
वरून एकशे साठ येवो की दोनशे सत्तर.
कागदावर चार ओळींत जमलं होतं.

काम साक्रीच्या नेरकर डॉक्टरांच्या प्रसूतिगृहाचं.
“रात्री इतका मंद हवा,” त्या म्हणाल्या,
“की आईला बाळाचं नाक दिसावं
आणि बाळाला दिवा दिसू नये.
आधीचा, पंप सुरू झाले की डोळे मिचकावायचा.
कुणाची तरी मावशी त्याच्यावरून लिंबू उतरवून गेली.”

एलईडी तापली की तिचा व्होल्टेज उतरतो.
ठरावीक व्होल्टेज बांधून द्या, जास्त ओढते,
ओढते म्हणून तापते, तापते म्हणून ओढते,
पंगतीत जिलबीची पैज लागावी तशी,
शेवटी जळते.
म्हणून व्होल्टेज तिच्या मर्जीवर सोडायचा.
प्रवाह मात्र आपल्या हातात.

अण्णा डबा घेऊन आले.
पांझरेच्या फडावर बत्तीस वर्षं पाटकरी:
बंधारा तुडुंब असो की तळाला,
शेवटच्या वाफ्याला पोचायचं तेवढंच पोचायचं.
टोपी काढून पडद्याकडे बघत राहिले.
“हाई काय हाली ऱ्हायनं?”

सांगितलं. रोधावर नजर ठेवणारा एक आहे,
जास्त दिसलं की मॉस्फेटला म्हणतो आवळ,
कमी दिसलं की म्हणतो सोड.
“लगेच म्हणस?”
“लगेच,” मी म्हटलं, जरा ऐटीत.

अण्णा हसले.
एकदा दारावर नवं पोरगं बसवलं होतं.
खाली पाणी कमी दिसलं, दार वर.
ते पाणी खाली पोचायच्या आत अजून वर.
मग लोंढा, मग घाबरून दार बंद.
दिवसभर पाटात नुसत्या लाटा,
सुपडूचा कांदा बुडाला, धुडकूचा वाळला,
आणि पोरगं घामाघूम, मी तर सारखं बघत होतो म्हणे.
“इतली घाई कसाले? पानीले बी येळ लागस.”

भाकरी खाल्ली. मग एक कपॅसिटर जोडला.
फार मोठा निघाला:
नॉब फिरवला तर उजेड म्हशीसारखा उठला, टप्प्याटप्प्यानं.
निम्मा केला. त्याच्या पाठीला एक रोध दिला.
चौथ्या खेपेला रेघ एकदा उचलली,
एकदा टेकली,
आणि निजली.

मंद टोकाचं मात्र वेगळंच दुखणं.
पाच टक्क्यांवर रोधाशी उरतात दहा मिलिव्होल्ट,
आणि ऑप-अँपची जन्मखोडच तीनची.
कुजबूज ऐकायची, अन् कानात स्वतःचीच घरघर.
पंधरा रुपयांचा काढून नव्वदचा बसवला.
तरी तीन टक्क्यांखाली दिवा मान टाकतो.
तिथे नॉबला आतून खिळा ठोकलाय.
डॉक्टरांना तसं सांगितलं. बिलातही लिहिलं.

साक्री, रात्री एक चाळीस.
शेतीची लाइट आली, गावाबाहेर पंप उठले.
वॉर्डातला पंखा दमला,
औषधांचा फ्रीज कण्हला, गप्प झाला.
वर बघणारी मी एकटीच.
शेवंता गावित ओलं दुपटं बदलत होती,
त्या पाच टक्क्यांत, चष्मा न लावता.
मान वर न करता म्हणाली,
“ताई, पंप सुरू झाले म्हणजे कळंल ना, दिवा कसा आहे ते?”

“झाले,” मी म्हटलं.