पुस्तक मिटल्यावर

आमच्या तालुक्याचं नाव समुद्रपूर.
समुद्र नाही.
पोथरा आहे, माघात घोट्याएवढी.
लाटांचा धडा मी तिच्याच काठी वाचला, तीनदा,
आधी पिवळा हायलायटर, मग हिरवा, मग गुलाबी.
पुस्तकात पांढरं काही उरलं नाही
अन् डोक्यात सगळंच पांढरं.

प्रिलिमला फिजिक्स : सत्तरपैकी एकोणीस.
सर काही बोलले नाहीत.
बोलले डोमाजीकाका, प्रयोगशाळेचे शिपाई,
पोटेन्शिओमीटरची तार पुसता पुसता :
"वाचल्यानं येत असतं न बाई,
त कपाटातल्या उंदराले पयला नंबर भेटला असता.
दोन धडे खाल्ले त्यानं, मुयापासून.
मिटव थे पुस्तक.
अन् सांग मले, हे तार एवढं लांब कायले?"

मी सांगितलं. ग्रेडियंट कमी होतो.
"म्हंजे?"
म्हणजे दर सेंटीमीटरला व्होल्ट कमी पडतो.
"कमी पडलं त चांगलं कसं?"

खिडकीत चिमणी होती.
ती उडून गेली तरी मी गप्पच.
पाठ केलेलं तिथवरच होतं,
पुढे रस्ता नव्हता, नुसती काळी माती.

त्या रात्री हरभऱ्याच्या राखणीला मी मचाणावर,
हातात डबा, रानडुकरांसाठी.
डबा वाजवायचा, अन् दोन आवाजांच्या मध्ये
कोऱ्या कागदावर सुरुवातीपासून लिहायचं.
अडलं की बघायचं नाही.
अडू द्यायचं. डोकं खाजवायचं.
मग बॅटरी लावून फक्त तेवढीच एक ओळ पाहायची
अन् पुन्हा अंधार.

पहाटेच्या सुमारास जिनिंगचा काटा आठवला.
त्यावर कापसाचा ट्रक मोजता येतो,
आईची डोरली नाही.
डोरल्यांना सराफाचा काटा लागतो,
ज्याची एक रेघ म्हणजे अगदी थोडंसं.
लांब तार म्हणजे सराफाचा काटा.
मी एकटीच मोठ्यानं हसले.
बाजूच्या धुऱ्यावरून कोणीतरी ओरडलं, "डुक्कर हाय काय?"

सकाळी काकांना सांगितलं.
ते पुसायचे थांबले.
"तेवीस वर्सं इचारतो मी पोरायले.
परत येऊन कोणी सांगतलं नोयतं."

मग मी वही केली, नुसत्या चुकांची.
आठ दिवसांत एकच चूक अकरा वेळा :
सेंटीमीटरचे मीटर करायचे राहिले.
म्हणजे मी ढ नव्हते,
शंभरनं भागायची विसरत होते.
हे कळलं तेव्हा राग आला, अन् बरंही वाटलं.

जे आज आलं ते तीन दिवसांनी पुन्हा काढायचं,
तोवर अर्धं गळालेलं असतं, गळू दे,
मग पुन्हा आठव्या दिवशी.
रोटेशन नंतर लगेच रोटेशन नाही,
मध्ये ट्रान्सफॉर्मर, मध्ये सरफेस टेन्शन,
कारण पेपरात धडे रांगेत उभे राहत नाहीत.

जुने पेपर सोडवले अकरा ते दोन, परीक्षेच्याच वेळेला,
बोरीच्या सावलीत.
मोबाईल आईच्या पदराच्या गाठीत.
ती हरभरा उपटत होती,
मधेच मान वर करायची अन् विचारायची, "झालं?"
पहिल्या पेपरला वेळ पुरला नाही.
दुसऱ्यालाही.
चौथ्याला सात मिनिटं उरली,
मी ती युनिट तपासण्यात घालवली.

परवा हिंगणघाटला पेपर झाला.
पोटेन्शिओमीटर आलंच नाही.
येताना बस प्रयोगशाळेपुढेच थांबली, मी उतरले.
काका नव्या पोराला तार दाखवत होते :
"हे पाय, लांब तार म्हंजे सराफाचा काटा,
करंट जास्त, म्हून बारीक मोजते."

करंट जास्त नाही, काका,
मी दारातूनच म्हटलं.

काका म्हणाले, "मंग ये न अंदर. सांग."