सहा व्होल्टचा काटा

वैजनाथच्या दुकानात पॅनल भिंतीला टेकून उभे होते,
कवायतीतल्या पोरांसारखे, उंचीप्रमाणे.
वीसचा मागं, दहाचा मधी, तीनचा पुढं.
मला आधी तीनचाच आवडला,
तव्याएवढा, भाकरी टाकावी असा.

"बॅटरी कोणती, हसीनाबी?"
पिशवीतून काढून काउंटरवर ठेवली.
सहा व्होल्ट, साडेचार अँपिअर.
हे मला पाठ आहे,
नातवाची जन्मतारीख नाही.

बोरीच्या बाजारात दुपारी तीनला ती दम सोडते.
आकडे आधी फिके पडतात, मग थरथरतात,
एकाच पावशेर लसणाचे
दोनशे साठ, दोनशे दहा, दोनशे चाळीस,
आणि गिऱ्हाईक काट्याकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघतं.
बावीस वर्षं हातातल्या तराजूनं दिलं,
लोखंडी मापं, बुडाला शिशाचा शिक्का.
तेव्हा कुणी असं बघितलं नव्हतं.

वैजनाथ मनला, वीसचाच न्या, सूट देतो,
मोठा कधीबी बरा.
मी मनलं, माय मेलेलं करडू बघितलंस का कधी?
दया आली म्हणून बाटलीभर पाजलं
तर सकाळपर्यंत हगवण लागून आडवं होतं.
आधी हिचं पोट केवढं ते सांग.

तो हसला, पण कॅल्क्युलेटर काढला.
सहा गुणिले साडेचार, सत्तावीस.
ऊन पाच तास धरू, मनला.
पाच?
सकाळी आठपासून दिवस बुडंस्तोवर
माझ्या डोक्यावर काय असतंय मग?
"ते तुमच्यासाठी. पॅनलला लागतं ते वेगळं."

शेवटी पाच वॅटचा ठरला. नऊ व्होल्टवाला.
बारावाल्यानं हिचं कालवण होईल, मनला.
तार जोडताना त्यानं मधी एक काळा मणी घातला,
एका टोकाला चंदेरी पट्टी.
हा कामून?
"अंधार पडला की बॅटरी उलटी
पॅनललाच वीज पाजत बसती.
हा तिला अडवतो."
माझी खाला तशीच होती.
दिवसभर कमवायची, रात्री वाटून टाकायची.
तिला कुणी मणी बांधला नाही.

पहिल्या बाजारी पॅनल गोणीला टेकवून उन्हात ठेवला,
मी छत्रीखाली.
अकराला आकडे ठळक, बाराला ठळक,
साडेबाराला बारीक लाल दिवा विझला.
तार बघितली, मणी बघितला.
मग वर बघितलं.
कुण्या भाऊच्या वाढदिवसाचा फ्लेक्स,
भाऊंनी हात वर केलेला,
आणि त्या हाताची सावली बरोबर माझ्या पॅनलवर.
आख्खा भाऊ नाही, नुसता पंजा.
तेवढ्यानंही बंद पडतं म्हणे.
कुणाला काय बोलायचं?
गोणी दोन हात सरकवली.
भाऊ तासाभरानं पुन्हा आले.
पुन्हा सरकवली.
दिवस बुडंस्तोवर मी अन् माझा लसूण
अद्रकवाल्या सुभानच्या जागेत जाऊन बसलो होतो,
तो बिचारा मिरचीवालीच्या.

तीन वाजले. चार वाजले.
आकडे हलले नाहीत.

उठायच्या आधी एक खूळ डोक्यात आलं.
जुनी बॅटरी सकाळी रिकामी असताना
त्याच काट्यावर ठेवून बघितली होती, सातशे तीस ग्रॅम.
दिवसभर तिलाच उन्हाला लावली होती, काट्यात उसनी घातलेली.
आता भरलेली ठेवली.
सातशे तीस.
एवढं ऊन पिऊन एक ग्रॅम वाढली नाही बाई.

मग सकाळी किलो भरून बाजूला ठेवलेली लसणाची पिशवी ठेवली,
तीबी उन्हातच होती.
नऊशे बहात्तर.

अठ्ठावीस ग्रॅम त्यानं खाल्ला,
अन् त्याच्याच विजेवर
मला मोजून दाखवला.

पिशवीत एक कांडी वाढवली, गाठ मारली.
सुभान मनला, चला, टेम्पो आला.