आघातचिन्हं

कागदावर तीस शब्द,
आणि कुणाच्याच डोक्यावर ती तिरपी रेघ नाही
जी सांगते, आघात कुठे द्यायचा.
आम्हीच पुसलीय. चाचणीच तशी आहे :
शब्द आधीपासून ओळखीचा असेल
तरच जीभ बरोबर जागी टेकते.
नाहीतर ठेचकाळते.

खाट अकरा. एर्मेलिंदा पोर्तुओन्दो, वय एकोणऐंशी.
सान्तियागोच्या या दवाखान्यात दोन आघात एकत्र आलेत.
एक मेंदूच्या उजव्या अंगाला, फिल्मवर सुपारीएवढा काळसर डाग.
दुसरा मला शोधायचाय.
तिचा डावा हात चादरीवर
पाहुणा विसरून गेलेल्या छत्रीसारखा.

शिक्षण : सहावी, तीही रात्रशाळेत.
व्यवसाय : चिरूट वळणे, एकेचाळीस वर्षं.
एवढं तक्त्यात भरलं. तक्त्याने आकडा दिला.
मुळातच बेताची, म्हणाला.
म्हणजे घड्याळाचे बाराही आकडे तिने
उजव्या अर्ध्यात कोंबले,
शंभरातून सात वजा करता करता
त्र्याण्णववर थांबून खिडकीकडे बघत राहिली,
यात फारसं काही गेलेलं नाही.
आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?
वरिष्ठ डॉक्टर असंच म्हणाले. म्हण त्यांची नाही,
पण अर्थ तोच.

मग मी यादी काढली.
वीज गेलेली. पंख्याचं पातं एका जागी, माशीसकट.
पुठ्ठ्याच्या फटीतून एकेक शब्द
तिच्या उजव्या डोळ्यापुढे सरकवत गेले.

क्रिसालिदा. 'सा'वर टेकली, अलगद.
नाउफ्रागो. पहिल्याच अक्षरावर,
खडकावर जहाज आदळावं तशी.
बाइबेन. शेवटाला. आणि स्वतःशीच हसली,
झोका परत आल्यासारखी.
तिसातले अठ्ठावीस.
माझ्या प्राध्यापकांचे सव्वीस आले होते.

कुठे शिकलात हे?
"शिकत्येय कशाला. ऐकलं."

कारखान्यात उंच चौथरा, त्यावर वाचक, दॉन एबेलियो.
सकाळी वर्तमानपत्र, जेवणानंतर कादंबरी.
खाली दीडशे माणसं पानं वळतायत
आणि डोक्यावरून समुद्र, कोर्टकचेऱ्या, बर्फ,
कुणाचा तरी घटस्फोट.
आवडलं की फळीवर पात्याची टकटक.
चुकला की पातं जमिनीवर.
"एकदा मी टाकलं. त्याने आघात चुकीच्या जागी दिला होता.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
दुसऱ्या दिवशी त्याने शब्दकोश आणला,
आणि काही न बोलता तो शब्द पुन्हा वाचला.
बरोबर."

हे सांगताना दॉन एबेलियो दोनदा मेला
आणि एकदा तिचा नवरा झाला.
धागा सुटत होता, तिला कळत होतं,
नव्हतंही.

मुलगी, युसिमी, दाराशी थर्मास घेऊन उभी.
"अठ्ठावीस म्हणजे चांगलं ना, डॉक्टर?"

याचं उत्तर मला कुणी शिकवलं नाही.
चांगलं, हो. याचा अर्थ
तुझी आई फार उंचावर राहत होती,
आम्ही तिला तळमजल्यावर धरून चाललो होतो.
आणि याचाच अर्थ, ती किती वरून पडलीय
ते आज मोजून झालं.
आड भरलेलाच होता, युसिमी. दोर तुटलाय.
तिचं माप जितकं खरं लिहीन
तितकं तिचं नुकसान मोठं होत जाणार,
माझ्याच अक्षरात.

मी एवढंच म्हणाले, "चांगलं."
तिने आईला कॉफी पाजली, गार झालेली.

संध्याकाळी खाटेशेजारीच अहवाल लिहायला बसले.
सवय आहे, ओठांतल्या ओठांत वाचायची :
आजारापूर्वीची बौद्धिक क्षमता,
शिक्षण व व्यवसाय लक्षात घेता, सरासरी किंवा त्याहून

खण्.

चमचा जमिनीवर. उजव्या हातातला,
धड असलेल्या.
ती छताकडे बघत होती.
निसटला की टाकला,
हे ठरवणारी चाचणी माझ्याकडे नाही.

चमचा उचलून धुऊन आणला.
ओळ खोडली.
पेन्सिलीला टोक करायला गेले तर
वीज आली, पंखा फिरला,
आणि कागद सगळे